लंडनचं वार्तापत्र : घर पसंत पडलं, सॉलिसिटर कोण?

लंडनच्या चॉक फार्म स्टेशनवर उतरून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथलं दहा नंबरचं घर शेजारच्या घरांसारखंच आहे, फक्त भिंतीवर एक पाटी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना, इथं राहत होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली तीस लाख पौंडांहून जास्त मोजून हे घर विकत घेतलं आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं. वाशीम-अकोल्याकडचा माणूस लंडनला आला की वाट वाकडी करून इथं येतो, पाटीसमोर फोटो काढतो.

घर सरकारच्या नावावर झालं. मालकीबद्दल कुणी ब्र काढला नाही. तरी पुढं अडलंच. घर राहण्यासाठीचं होतं आणि तिथं संग्रहालय करायचं तर वापर बदलण्याची परवानगी कॅम्डेन कौन्सिलकडून घ्यावी लागते. शेजारच्या काही रहिवाशांनी गर्दीची आणि आवाजाची तक्रार केली. राहण्याची एक जागा कमी होते, असं कारण देऊन कौन्सिलनं २०१८ च्या ऑक्टोबरात परवानगी नाकारली. अपील झालं, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संग्रहालयाला मान्यता दिली, तेव्हा विषय मिटला.

वाशीमच्या वाचकाला हे जरा उलटं वाटेल. आपल्याकडे घराचा वाद म्हटला की तो 'घर कुणाचं' यावर असतो. इंग्लंडमध्ये तो बहुधा 'या घरात काय करता येतं आणि घराबरोबर काय गळ्यात पडतं' यावर असतो. इथं घर घेणाऱ्याला वकील लागतो तो त्यासाठी, आणि त्याची निवडही त्याच हिशेबानं करावी लागते.

वाशीम, रिसोड किंवा कारंज्यात घर घ्यायचं तर काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मध्यस्थ घर दाखवतो, सौदा ठरतो, इसार दिला जातो, इसारचिठ्ठी होते. मग वकील मागच्या तीस वर्षांचा सर्च घेतो, इंडेक्स-दोन काढतो, फेरफार पाहतो, बोजा आहे का ते तपासतो. दुय्यम निबंधकांसमोर फोटो आणि अंगठे झाले की 'खरेदी लागली' असं म्हणतात. एवढं करूनही चुलत्याची एखादी मुलगी हिस्सा मागायला उभी राहीलच नाही, याची हमी कुणी देत नाही. कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानं दस्त नोंदला जातो, मालकी नाही. म्हणून आपल्या वकिलाची नजर सारखी मागं असते.

दस्त जपून ठेवण्याची आपली परंपरा तर जुनीच. वाशीमला, म्हणजे वाकाटकांच्या वत्सगुल्मात, विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. चौथ्या शतकातला तो लेख म्हणजे एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याचा पत्रा आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर टायटल डीडच.

इंग्लंडनं हा कागद बाद केला आहे. एचएम लँड रजिस्ट्री १८६२ साली स्थापन झाली आणि १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे, जमीन विकली की नोंदणी सक्तीची झाली. २००३ पासून तर मालकीचं प्रमाणपत्र देणंही बंद झालं. रजिस्टरात नाव असेल तोच मालक, आणि त्या नोंदीमागं सरकारची हमी. नोंदीत चूक निघून कुणाचं नुकसान झालं, तर भरपाई रजिस्ट्री देते. रजिस्टरचे भाग तीन: जागा कोणती, मालक कोण, बोजा काय. कुणीही सात पौंड भरून कुणाच्याही घराचा उतारा घरबसल्या काढू शकतो. आपल्या सातबाराचा हा चुलतभाऊच, पण मोठ्या अधिकाराचा.

मग सॉलिसिटर हवा कशाला? रजिस्टरात जे लिहिलेलं नसतं त्यासाठी. या देशात आजही 'घेणाऱ्यानं पाहून घ्यावं' हाच मूळ नियम आहे. विकणाऱ्यानं खोटं बोलायचं नाही, पण न विचारलेलं सांगत बसायला तो बांधील नाही. त्यामुळे विचारावं काय, हे कळणारा माणूस लागतो.

वॉरविकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावच्या एका शेतवाडीचा खटला इथं वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतो. त्या जमिनीबरोबर मध्ययुगापासून एक जबाबदारी चालत आली होती. गावच्या चर्चच्या वेदीकडच्या भागाची दुरुस्ती त्या जमिनीच्या मालकानं करायची. चर्चनं दुरुस्तीची मागणी केली, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि २००३ साली निकाल शेतवाडीच्या मालकांविरुद्ध लागला. दुरुस्तीचा आकडा १ लाख ८६ हजार पौंडांच्या पुढं होता, वकिलांची फी वेगळी. ऑक्टोबर २०१३ पासून अशी जबाबदारी रजिस्टरात नोंदलेली नसेल तर नव्या खरेदीदारावर सहसा येत नाही. तरी सॉलिसिटर अजून त्या शोधाचे पैसे लावतात, आणि ग्राहक मुकाट्यानं देतात.

असे शोध अनेक असतात. कौन्सिलच्या दप्तरातला शोध, पाणी-सांडपाण्याचा, पुराचा, जुन्या कोळसा खाणींचा. 'स्थानिक' सॉलिसिटरचा मुद्दा येतो तो इथं. चेशायरमधल्या नॉर्थविच गावाखाली मीठ आहे. शतकभर ते उपसलं गेलं आणि वरची घरं कलली, खचली. तिथल्या घरासाठी 'ब्राइन सर्च' घ्यायचा हे तिथल्या वकिलाला झोपेतही सांगता येतं. कॉर्नवॉलमध्ये कथलाच्या जुन्या खाणींचा शोध असतो. कायदा सगळीकडे एकच, पण कोणता ओढा कोणत्या पावसात रस्त्यावर येतो, हे गावातल्याच माणसाला आधी सुचतं. आता सगळा व्यवहार ईमेलवर चालतो, त्यामुळे लीड्समधल्या घराचं काम ब्रिस्टलमधलं ऑफिस करू शकतं, आणि पुष्कळदा करतंही. स्वस्त पडतं. मात्र फोन लावला की दर वेळी वेगळा आवाज येतो आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागतं.

विकणाऱ्याकडून भरून घ्यायचे दोन फॉर्म मात्र कुठलाही सॉलिसिटर मागतोच. पहिल्यात शेजाऱ्याशी भांडण आहे का, कुंपण कुणाच्या बाजूचं, पूर आला होता का, जपानी नॉटवीड नावाचं चिवट तण आवारात आहे का, असे प्रश्न. दुसरा जास्त मजेदार. पडदे, पडद्याचे दांडे, कपडे वाळत घालायची दोरी, कचऱ्याचा डबा, बागेतली खोपी, यातलं काय सोडून जाणार आणि काय नेणार, ते एकेका वस्तूपुढं खूण करून सांगायचं. दिवा काढून नेला तर त्या जागी होल्डर आणि बल्ब लावून जायचा, हेही फॉर्मवर छापलेलं असतं. वाशीमच्या खरेदीखतात चतुःसीमा चार ओळींत उरकते. इथं बल्बही सुटत नाही.

हे काम करणारे दोन प्रकारचे लोक. एक सॉलिसिटर, त्यांच्यावर सॉलिसिटर्स रेग्युलेशन ॲथॉरिटीचं नियंत्रण. दुसरे परवानाधारक कन्व्हेयन्सर, फक्त घर-जमिनीच्या व्यवहारातले. १९८५ च्या कायद्यानं सॉलिसिटरांची मक्तेदारी मोडून हा वर्ग तयार केला, त्याची नियामक परिषद वेगळी आहे. दोघांचीही नावं नियामकांच्या वेबसाइटवर तपासता येतात. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर फर्मना घर-खरेदीची फी वेबसाइटवर जाहीर करावी लागते. साध्या घराला व्हॅट सोडून हजार ते दोन हजार पौंड, शोधांचे आणि नोंदणीचे पैसे वेगळे, असा साधारण हिशेब पडतो.

घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा वकील वेगळा, हा इथला रिवाज. आपल्याकडे एकच वकील किंवा दस्तलेखक दोघांचं मिळून खरेदीखत लिहितो आणि दोघंही चहा पिऊन उठतात. इथं हितसंबंधांच्या नियमामुळे ते बहुतेक वेळा चालत नाही. मात्र घेणाऱ्याचा वकीलच बहुधा त्याला कर्ज देणाऱ्या बँकेचाही वकील असतो. म्हणून तो बँकेच्या यादीत आहे का, हे आधी विचारून घ्यावं लागतं. नसेल तर महिनाभरानं पुन्हा पहिल्या पायरीवर.

एजंट मात्र घर दाखवतानाच 'आमचा एक सॉलिसिटर आहे' असं सांगतो. त्यात त्याला वाटा मिळत असेल तर तो उघड करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण ते बारीक अक्षरात असतं. नव्या वसाहतींमध्ये बिल्डरही वकील सुचवत. त्यातून काय झालं हे २०१७ साली देशभर कळलं. हजारो नवी घरं लीजवर विकली गेली होती आणि त्यांचं जमीनभाडं दर दहा वर्षांनी दुप्पट होणार होतं. ही घरं विकायला काढली तर घ्यायला कुणी तयार होईना. टेलर विम्पी या बिल्डर कंपनीनं त्या वर्षी यासाठी १३ कोटी पौंड बाजूला काढले. बिल्डरनं सुचवलेल्या वकिलानं आपल्याला सावध केलं नाही, अशी कित्येक ग्राहकांची तक्रार होती. २०१९ मध्ये संसदीय समितीनं सांगितलं की अमुकच वकील घ्या म्हणून ग्राहकाला पैशाचं आमिष दाखवायला बंदी घाला. ३० जून २०२२ पासून बहुतेक नव्या लांब मुदतीच्या लीजवर जमीनभाडं घेता येत नाही. जुन्या लीजवाल्यांचा प्रश्न मात्र त्या कायद्यानं सुटला नाही.

इथल्या सौद्याची एक गोष्ट वऱ्हाडी माणसाला पचत नाही. विकणाऱ्यानं 'हो' म्हटलं तरी करारांची देवाणघेवाण होईपर्यंत दोघंही मोकळे. इसार नाही, चिठ्ठी नाही. तीन महिने शोध घेऊन, फी भरून झाल्यावर जास्त पैसे देणारा कुणी आला, तर विकणारा त्याच्याकडे वळू शकतो. त्याला 'गझम्पिंग' म्हणतात. म्हणून वकील किती वेगानं पत्रं हलवतो याला किंमत आहे. स्कॉटलंडमध्ये पद्धत निराळी आहे. तिथं वकिलांच्या पत्रांतून सौदा लवकर बांधला जातो, आणि कित्येक सॉलिसिटर स्वतःच घरं विकायलाही ठेवतात.

करार झाले की साधारण दहा टक्के रक्कम जाते आणि ताब्याच्या दिवशी उरलेली. हा दिवस पुष्कळदा शुक्रवार. पैसे आधी वकिलाच्या खात्यात, तिथून समोरच्या वकिलाच्या. भुरट्यांना हे पाठ आहे. वकिलाच्या नावानं ईमेल येतो, 'आमचं बँक खातं बदललंय'. त्याला 'फ्रायडे आफ्टरनून फ्रॉड' असं नावच पडलं आहे. खाते क्रमांक फोनवरून, तोही आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर विचारून घ्यायचा, एवढीच त्यावरची काळजी. वकिलाच्या खात्यातला पैसाही दर वेळी सुरक्षित असतो असं नाही. ॲक्सिऑम इन्स ही मोठी फर्म नियामकांनी २०२३ च्या ऑक्टोबरात बंद केली, तेव्हा ग्राहकांचे सहा कोटींहून अधिक पौंड गायब होते. अशा वेळी नियामकांचा भरपाई निधी कामाला येतो.

आता वाशीमचा संबंध. घरासाठीचे पैसे गावाकडून येणार असतील, वडिलांनी दोन एकर विकले असतील, तर सॉलिसिटर २०१७ च्या मनी लाँडरिंग नियमांनुसार पैशाचा उगम विचारतो. मग खरेदीखत, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर, बँकेची सहा महिन्यांची स्टेटमेंट्स आणि वडिलांचं बक्षिसाचं पत्र. भारतातून माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण ते टप्प्याटप्प्यानं आले की प्रश्न वाढतात. अशी कागदपत्रं पूर्वी पाहिलेला वकील इथं आठवडे वाचवतो.

आणि मग मुद्रांक शुल्क. तीन लाख पौंडांचं पहिलंच घर घेणाऱ्याला ते शून्य. पहिलं घर नसेल, तर एप्रिल २०२५ पासूनच्या दरानं पाच हजार पौंड. दुसरं घर शिल्लक असताना हे घेतलं, तर वर आणखी पाच टक्के, म्हणजे एकूण वीस हजार. यात 'घर' जगात कुठलंही धरतात. वाशीमचंही. वारशानं आलेलंही. फक्त जादा पाच टक्क्यांसाठी हिश्शाची किंमत निदान चाळीस हजार पौंड असावी लागते, आणि शेतजमीन यात मोजत नाहीत. नवराबायकोंपैकी एकाचं घर असलं तरी जादा कर दोघांनाही भोवतो.

सॉलिसिटरच्या फॉर्मवर याबद्दल एकच ओळ असते, 'हो' की 'नाही'. मानोऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात आजोबांच्या नावावर घर, त्यात तीन भावांचं एकत्र कुटुंब, वारस नोंद अर्धवट, असं सगळं त्या दोन चौकटींत बसत नाही. चांगला सॉलिसिटर तिथं पेन ठेवतो आणि विचारतो, गावच्या घराच्या उताऱ्यावर आज कुणाचं नाव आहे? उत्तरासाठी लंडनहून गावाकडे फोन लागतो. ग्रामपंचायतीतून नमुना आठची नक्कल काढून तिचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, एवढंच सांगायचं असतं.