‘बोलेल की मोठं झाल्यावर’ म्हणून थांबू नका



आधी माझीच चूक सांगते. माझ्या नणंदेचा मुलगा दीड वर्षाचा झाला तरी ‘आई’ म्हणत नव्हता. नणंद म्हणाली, “वहिनी, तुम्ही दवाखान्यात असता, तुम्हाला काय वाटतं?” मी म्हणाले, “अगं, मुलगे उशिराच बोलतात. याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला म्हणे.” नर्सिंगचा डिप्लोमा केलेली बाई मी, आणि न तपासता सांगून मोकळी झाले. पोरगा तीन वर्षांचा झाल्यावर कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. ज्याला शब्द ऐकूच येत नाही, तो बोलणार कसा? आज तो कानाला यंत्र लावून शाळेत जातो, बोलतो. पण ती दीड वर्षं मला त्याला परत देता येत नाहीत.

विलंब म्हणजे काय?

मूल वाढतं म्हणजे नुसतं वजन वाढत नाही. मान धरणं, बसणं, चालणं, बोलणं, माणसं ओळखणं, हातानं खाणं ही सगळी वाढच आहे. यातलं काही नेहमीच्या वयापेक्षा बरंच मागे पडलं, तर त्याला विकासातला विलंब म्हणतात. विलंब हे आजाराचं नाव नाही, ती खूण आहे. तिच्यामागचं कारण शोधावं लागतं. कधी ते कमी ऐकू येणं, थायरॉइडची कमतरता किंवा कुपोषण असतं. कधी सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, डाऊन सिंड्रोम किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असतं. काही मुलं थोड्या मदतीनं बरोबरीला येतात, काहींना कायम आधार लागतो. आपल्या मुलाचं काय, हे तपासल्याशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

या खुणा लक्षात ठेवा. पुढच्यापैकी काही दिसलं, तर मूल दाखवून घ्या:

• 3 महिने झाले, तरी तुमच्याकडे बघून हसत नाही.
• 5 महिने झाले, तरी मान धरत नाही.
• 9 महिने झाले, तरी आधाराशिवाय बसत नाही.
• 1 वर्ष झालं, तरी नावानं हाक मारल्यावर वळून बघत नाही.
• दीड वर्ष झालं, तरी चालत नाही, एकही शब्द बोलत नाही, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही.
• 2 वर्षं झाली, तरी ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडत नाही.
• कोणत्याही वयात, आधी येत असलेलं बोलणं किंवा चालणं थांबलं. अशा वेळी एक दिवसही थांबू नका.

बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या तारखेपासून मोजा.

दोष कुणाचा?

वस्तीत पहिलं बोट आईकडे जातं. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरवले नाहीत, असं काहीबाही बोललं जातं. हे सगळं खोटं आहे. जन्मताच बाळ न रडणं, कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं बाळ, जास्त वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, जनुकांतले बदल ही खरी कारणं असतात. कधी कारण सापडतही नाही. आपण अंगारे-धुपारे सोडले म्हणतो, पण मूल बोलेना झालं की कुणीतरी ताईत काढतोच. ताईतानं मूल बोलत नाही, वेळ मात्र जातो. पहिल्या काही वर्षांत मेंदू सर्वांत वेगानं घडतो, म्हणून तेव्हाच्या मदतीचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

कुठे जायचं?

आधी अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंना गाठा. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल कार्ड काढून बघा, त्यात वयाप्रमाणे मुलाला काय यायला हवं त्याची चित्रं असतात. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार यात मोफत आहेत. पथक येईल त्या दिवशी रोज बुडाला तरी चालेल, पण तिथे हजर राहा आणि शंका स्वतःहून सांगा. गर्दीत मूल दोन मिनिटंच दिसतं, तुम्ही त्याला रोज बघता.

पुढे पाठवलं, तर बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी नावाचं केंद्र असतं. मोठ्या शहरात मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा. बोलत नसलेल्या प्रत्येक मुलाचे कान आधी तपासून मागा.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व आहे. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढा, पण त्यासाठी थेरपी अडवून ठेवू नका.

घरी काय करायचं?

भाकरी थापताना, भांडी घासताना मुलाशी बोला. वाटी, चमचा, पाणी, नळ, जे हातात येईल त्याचं नाव घ्या. ते बोलेल तोवर थांबा, त्याच्या वतीनं बोलू नका. दोन वर्षांच्या आत मोबाइल देऊ नका. कामावर जाताना मूल आजीकडे असेल, तर आजीलाही हे सांगा. थेरपिस्टनं शिकवलेला व्यायाम रोज करा. महिन्यातून एकदा केंद्रात जाऊन तेवढ्यानं भागत नाही.

आणि शेजारच्या मुलाला ‘वेडं’, ‘मंद’ म्हणू नका. त्याच्या आईला म्हणा, “चल, मी येते तुझ्यासोबत दवाखान्यात.” माझी नणंद मला विचारायला आली, तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं.