चार दिवसांच्या रजेत पहिली वारी

ज्येष्ठ लागला की नोकरदार घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं : एवढी रजा कोण देणार, वारी आता निवृत्तीनंतरच. आळंदी ते पंढरपूर अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानापासून आषाढी एकादशीपर्यंत अठरा-एक दिवस लागतात, हे खरं. पण सगळे दिवस चाललं नाही तर ती वारीच नव्हे, हा समज मात्र खोटा आहे. वाटेवरचा समाज रोज बदलत असतो. कुणी आळंदी-पुणे चालून कामावर परततं, कुणी पेरणी उरकून लोणंद-फलटणला येऊन मिळतं, कुणी शेवटचे दोन मुक्काम करतं. तुम्ही कुठून निघालात यावरून तुमची वारी कुणी जोखत नाही. नेमाची वारी करणाऱ्या माळकऱ्याची गोष्ट वेगळी, तो त्याचा नेम असतो. पहिल्यांदा निघणाऱ्याने तो आपल्यावर लादून घेऊन घरी बसू नये.

वेळ कमी असेल तर खरा प्रश्न कोणते दिवस निवडायचे हा असतो, आणि तिथेच दुसरा गैरसमज आडवा येतो. दिवे घाट चढला म्हणजे वारी कळली, असं वाटून बहुतेक नवखे पुणे ते सासवड हाच दिवस धरतात. घाटातलं ते दृश्य छायाचित्रांतून सगळ्यांच्या ओळखीचं असतं, त्यामुळे ओढ वाटणं साहजिक आहे. पण ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या वाटेवरचा तो सगळ्यांत लांब टप्पा, सुमारे तीस किलोमीटरचा. त्यात घाटाची चढण दुपारच्या उन्हात येते आणि हा दिवस बहुधा योगिनी एकादशीला पडतो, म्हणजे अनेकांच्या पोटात फक्त साबुदाणा नाहीतर केळी. रात्री सासवडच्या तंबूंत डोकावलं की नवखा माणूस लगेच ओळखू येतो. तो मोजा सोलल्यासारखा हळूहळू उतरवत असतो, टाचेवर रुपयाएवढा फोड आलेला असतो, आणि शेजारची एखादी आजी खोबरेल तेलाची बाटली पुढे करून सांगत असते, ‘‘माउली, कातडं काढू नका, राहू द्या तसंच.’’ आजीचं बरोबर आहे. फोडावरचं कातडं हीच जखमेची पट्टी असते.

माझं मत विचाराल तर चार दिवसांच्या रजेत सासवडपासून चाला. सासवड-जेजुरी सोळा-सतरा किलोमीटर, जेजुरी-वाल्हे त्याहून कमी, आणि तिसऱ्या दिवशी वाल्ह्याहून लोणंद. या तिसऱ्या दिवशी नीरा नदीत माउलींच्या पादुकांना स्नान घातलं जातं आणि सोहळा सातारा जिल्ह्यात शिरतो. हाताशी आणखी एक दिवस असेल तर लोणंदच्या पुढे चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण पाहायला मिळतं. शिवाय जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही चारही पुणे-मिरज रेल्वेमार्गावरची स्थानकं. पाय बोलायला लागले तर मधूनच परतता येतं. पालखीमार्ग वाहनांना बंद असतो आणि एसटी लांबून वळवलेली असते, तेव्हा रेल्वेचा हा आधार फार मोठा. तुकोबांच्या पालखीबरोबर जायचं असेल तर पुण्याहून लोणी काळभोर आणि यवत हे टप्पे असेच रेल्वेच्या कडेचे आहेत. यवतला गाव सगळ्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतं. ती पंगत चुकवू नये.

‘‘मी रोज धावतो, मला काय अवघड?’’ असं म्हणणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. वारीची चाल धावण्याची नसते. दिंडी थांबते, अभंग संपेपर्यंत रेंगाळते, विसाव्याला बसते, मग पुन्हा उठते. चौदा-पंधरा तास माणूस पायांवर असतो, खाली डांबर तापलेलं असतं, आणि पहाटे तीनला टँकरपाशी आंघोळीची गडबड सुरू झालेली असते. त्यामुळे सराव वेगाचा नको, सलग दोन दिवसांचा हवा : शनिवारी चार तास चालायचं आणि रविवारी आखडलेल्या पायांनी पुन्हा तेवढंच. दुसऱ्या दिवशी उठून चालता आलं की वारी जमेल. नवे बूट मात्र घेऊ नका. अनवाणीच चालावं असाही काही दंडक नाही. असंख्य वारकरी वापरलेल्या, पायात बसलेल्या चपलांवर पंढरपूर गाठतात. मोज्यांचा एक कोरडा जोड मात्र पिशवीत हवाच.

वारीत सगळं फुकट मिळतं, हा समजही सोडून द्यावा. वाटेवर चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू मायेने हातात ठेवले जातात, पण दिंडीतली राहुटी, सामानाचा ट्रक, पाण्याचा टँकर आणि दोन वेळचं जेवण हे भिशीवर, म्हणजे वारकऱ्यांच्या वर्गणीवर चालतं. दोनच दिवस जायचं असलं तरी दिंडीचालकाला आधी विचारा, भिशी भरा, आणि मग हक्काने पंगतीला बसा. दिंडीबरोबर नसाल तर मोकळ्या समाजातून चालता येतं, मात्र रथापुढच्या सत्तावीस दिंड्यांच्या ओळीत मध्येच घुसू नका. तिथे प्रत्येक दिंडीची जागा ठरलेली असते.

बायकांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. शौचालयाची चिंता नको म्हणून कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि दुपारी चक्कर येऊन बसतात. मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं उभी केलेली असतात. निघण्याआधी आणि विसाव्याला तिथे जाऊन यावं, आणि पाणी घोट-घोट घेत राहावं. ताई, उपाशी एक वेळ चालाल, तहानेने चालू नका.

रजेचा अर्ज गेल्या वर्षीची तारीख पाहून टाकू नये. आषाढी 2023 मध्ये 29 जूनला होती, 2024 मध्ये 17 जुलैला, 2025 मध्ये 6 जुलैला. तिथीच्या क्षय-वृद्धीप्रमाणे लोणंदसारख्या ठिकाणचा मुक्कामही कमी-जास्त होतो. सोहळ्याचं त्या वर्षीचं वेळापत्रक हातात आलं की मगच तिकीट काढावं.

शेवटचे टप्पे चालणाऱ्यांची फसगत बहुतेक वेळा पंढरपुरात होते. एकादशीला सकाळी पोचू, दर्शन घेऊ, रात्रीची गाडी पकडू, असा हिशेब केलेला असतो. पदस्पर्श दर्शनाच्या रांगेतच तो अख्खा दिवस जातो, कधी त्याहूनही जास्त. जुने वारकरी त्या दिवशी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा घालतात, नामदेव पायरीपाशी माथा टेकवतात, कळसाला हात जोडतात, आणि त्यांना त्यात काही उणं वाटत नाही. दशमीला वाखरीहून पालख्यांबरोबर आत आलात आणि एकादशीला कळसदर्शन घेतलंत, तरी द्वादशीला सकाळी कामावर नक्की पोचू असं वरिष्ठांना सांगू नका. एक जास्तीची रजा मागून ठेवा, कारण गावाबाहेरच्या तात्पुरत्या एसटी तळांवर लाखोंची गर्दी एकाच वेळी लोटते.