मेरीबाईंचं काचघर

मुंबईच्या राजाबाई टॉवरमध्ये किंवा सीएसएमटी स्टेशनच्या जुन्या इमारतीत रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. ऊन आलं की त्यांतले रंग उजळतात. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये तर अशा खिडक्या शेकडो वर्षांपासून आहेत. त्या बनवणाऱ्या मेरी लाउंड्स या बाईंची ओळख आज करून देतो.

मेरीबाईंचा जन्म १८५६ सालचा. वडील डॉर्सेट भागात चर्चचे धर्मगुरू. लंडनच्या स्लेड कलाशाळेत त्या चित्रकला शिकल्या आणि पुढे हेन्री हॉलिडे या नामवंत कलाकाराकडे मदतनीस म्हणून राहिल्या. त्या काळी इंग्लंडमध्ये ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ नावाची चळवळ चालू होती. कारखान्याच्या एकसुरी मालापेक्षा हाताचं काम मोलाचं, आणि ज्यानं वस्तू मनात आणली त्यानंच ती घडवावी, असं ही मंडळी म्हणत.

काचेच्या खिडकीत नेमकं हेच अवघड. आधी खिडकीएवढं मोठं चित्र कागदावर काढायचं. त्यावर ठेवून रंगीत काचेचे तुकडे कापायचे. रंग मुळात काचेतच असतो. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या मात्र काळपट तपकिरी रंगानं काढायच्या आणि भट्टीत भाजून पक्क्या करायच्या. मग तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे, सांध्यांना डाग द्यायचा आणि फटी बुजवायच्या. मोठ्या कंपन्यांत चित्रकाराचं काम कागदापाशीच संपे. पुढचं सगळं दुसरे करत. बाई तर भट्टीपर्यंत सहसा पोहोचतच नसे.

मेरीबाई पोहोचल्या. साउथवर्कमधल्या ब्रिटन अँड गिल्सन या काच कारखान्यात त्यांनी काम केलं. तिथली जाड काच प्रसिद्ध होती. चौकोनी साच्यात फुंकून बाटलीसारखा आकार करायचा आणि त्याच्या बाजू कापून सुट्या करायच्या. काच मध्ये जाड, कडेला पातळ निघे, म्हणून एकाच तुकड्यात निळा रंग कुठे गडद तर कुठे फिका दिसे.

काचकामात मुरलेले आल्फ्रेड ड्रूरी यांच्याबरोबर भागीदारी करून १८९७ साली त्यांनी ‘लाउंड्स अँड ड्रूरी’ हा व्यवसाय काढला. १९०६ साली लंडनच्या फुलम भागात त्यांची स्वतःची इमारत झाली, नाव ‘ग्लास हाउस’, म्हणजे काचघरच. इथली रीत आम्हाला फार आवडली. ज्याच्याकडे कार्यशाळा नाही त्यानं इथे जागा भाड्यानं घ्यावी, भट्टी वापरावी, कापायला-जोडायला तिथल्या कारागिरांची मदत घ्यावी. मात्र खिडकी त्या कलाकाराचीच. शिवण येतं पण मशीन दुसऱ्याचं असेल तर काय होतं, हे आपल्या गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. मार्गारेट रोप, कॅरोलिन टाउनशेंड, विल्हेल्मिना गेडिस अशा अनेक जणींनी इथे काम केलं. पुरुष कलाकारही होतेच.

त्या वेळी इंग्लंडच्या बायकांना संसदेसाठी मताचा हक्क नव्हता. तो मिळवण्याच्या लढ्याला हातभार लावायला १९०७ साली स्त्री-कलाकारांची एक संघटना उभी राहिली. मेरीबाई तिच्या अध्यक्ष आणि त्यांच्या जिवलग सोबतीण बार्बरा फोर्ब्स सचिव. १३ जून १९०८ रोजी लंडनमध्ये हजारो बायकांचा मोर्चा निघाला. त्यासाठी सत्तरच्या वर कापडी निशाणं झाली, बहुतेकांचं रेखाटन मेरीबाईंचं. भरतकाम आणि शिवण बायकांनी मिळून केलं. डॉक्टर, लेखिका, कारकून अशा कामकरी बायकांची वेगवेगळी निशाणं होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि मारी क्यूरी यांच्या नावाचीही होती. रंगाचे मोठे, ठसठशीत तुकडे एकमेकांशेजारी बसवलेले. बघितलं की कळतं, हा हात काचेवर तयार झालेला आहे! निशाण कसं करावं यावर त्यांनी लेखही लिहिला.

१९१८ साली तीस वर्षांवरच्या, मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या बायकांना मत मिळालं. पुरुषांच्या बरोबरीनं सर्वांना मिळायला १९२८ साल उजाडलं. मेरीबाई १९२९ साली वारल्या. काचघरात पुढेही कित्येक वर्षं खिडक्या होत राहिल्या. मेरीबाईंची रेखाटनांची वही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. निशाणांची रंगीत चित्रं आहेत, आणि कोणतं कापड लावायचं ते कळावं म्हणून त्या-त्या कापडाचे छोटे तुकडे जोडलेले आहेत.