कढईतले तेल, आकाशातले विमान आणि आपली मुले

कल्याण पूर्वेतील एका बुद्धविहारात दर रविवारी सकाळी आमचा अभ्यासवर्ग भरतो. दहावी-बारावीची मुले येतात, काही इंजिनिअरिंगची येतात. मागच्या पावसाळ्यात केमिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची एक मुलगी प्लॅस्टिकची बाटली घेऊन आली. बाटलीत काळपट, दाट तेल होते. तिच्या वडिलांची स्टेशनबाहेर वडापावची गाडी आहे. ती म्हणाली, "वकीलकाका, या तेलापासून विमानाचं इंधन होतं. मला प्रोजेक्टला हाच विषय घ्यायचाय. पण वर्गात सांगितलं तर सगळे हसले."

हसण्यासारखे त्यात काहीच नव्हते. आपल्या समाजात मात्र विमान म्हटले की हा आपला विषय नव्हे, असे समजण्याची सवय आहे. रेशन, शाळा, घर, जातीचा दाखला हे आपले विषय आणि विमान, हवामान, इंधन हे 'त्यांचे' विषय, अशी वाटणी आपणच करून टाकली आहे. ही वाटणी किती महागात पडते, हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम मूळ प्रश्न समजून घेऊ. विमानाचे इंधन म्हणजे एक प्रकारचे शुद्ध रॉकेल. ते एक किलो जळले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एका किलोतून तीन किलो कसे, असे कोणीही विचारील. इंधनातला कार्बन हवेतला प्राणवायू ओढून घेतो, म्हणून वजन वाढते. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे २.५ टक्के वाटा विमानांचा आहे. आकडा लहान दिसतो. परंतु जगातील बहुसंख्य माणसे वर्षभरात एकदाही विमानात पाऊल ठेवीत नाहीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो. धूर थोड्यांचा आणि उन्हाची काहिली सर्वांची. त्यातही नाक्यावर उभा राहणारा मजूर, पत्र्याच्या खोलीत राहणारे कुटुंब आणि उसाच्या फडातली बाई यांना ती सर्वांत आधी पोळते.

मग मोटारींप्रमाणे विमाने बॅटरीवर का चालवीत नाहीत? कारण वजन. एक किलो विमान-इंधनात सुमारे १२ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. तेवढ्याच वजनाच्या आजच्या बॅटरीत पाव युनिटच्या आसपास. लहान विमान थोड्या अंतरासाठी बॅटरीवर उडू शकते, मुंबई-लंडन नाही. म्हणून जगभर दुसरा मार्ग धरला गेला आहे. तेल, चरबी, मळी, शेतातला काडीकचरा यांपासून असे इंधन करायचे की जे आहे त्याच इंजिनात नेहमीच्या इंधनात मिसळून चालेल. वापरलेल्या खाद्यतेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून त्यातला प्राणवायू काढून टाकला की उरणारा पदार्थ रॉकेलाच्या जातीचा होतो. आमच्या मुलीच्या बाटलीतले रहस्य एवढेच.

हे आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाही. २७ ऑगस्ट २०१८ रोजी डेहराडूनहून दिल्लीला एक विमान जट्रोफाच्या तेलापासून केलेले इंधन मिसळून उडाले. ते तंत्र डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेचे होते. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने उसाच्या मळीपासून तयार केलेले इंधन एक टक्क्यापर्यंत मिसळले होते. २०२५ मध्ये इंडियन ऑइलच्या पानिपत रिफायनरीला वापरलेल्या खाद्यतेलापासून असे इंधन करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. केंद्र सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठरविले आहे. म्हणजे कढईतले जळके तेल हा लवकरच मोठ्या व्यापाराचा माल होणार आहे. तो गोळा करणार कोण आणि त्याचा भाव ठरविणार कोण, हे ठरण्याची वेळ हीच आहे.

या क्षेत्रात जगातील विद्यार्थी काय करीत आहेत, तेही पाहावे. एअरबस या विमान कंपनीने विद्यार्थ्यांसाठी जागतिक स्पर्धा सुरू केली. २००९ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या मुलांनी जिंकली. त्यांची कल्पना काय होती? विमानाच्या आतील भागांसाठी एरंडापासून हलके साहित्य करायचे. जो एरंड आपल्याकडे बांधावर उगवतो, तोच! २०१५ मध्ये हॉलंडच्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या नावाने उतरलेल्या भारतीय तरुणांच्या संघाने पहिला क्रमांक मिळविला. उडताना विमानाचे पंख थरथरतात. त्या थरथरीतून वीज निर्माण करणारे धागे पंखाच्या आवरणातच विणावेत आणि त्या विजेवर आतले दिवे वगैरे चालवावेत, अशी त्यांची योजना होती. या मुलांच्या मालकीचा विमानाचा कारखाना नव्हता. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा होती, मार्गदर्शक होते, ग्रंथालय होते आणि फीची चिंता न करता विचार करायला वेळ होता. आपल्या वस्तीतल्या मुलांना बुद्धी कमी नाही, या चार गोष्टी कमी आहेत.

कोणी म्हणेल, ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या माणसाचा विमानाशी संबंध तो काय? संबंध जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, ब्रिटिश सरकारने कल्याणजवळ नेवाळी परिसरात धावपट्टीसाठी दीड हजार एकरांहून अधिक जमीन शेतकऱ्यांकडून घेतली. युद्ध संपले, पण जमीन परत मिळाली नाही. जून २०१७ मध्ये त्याच जमिनीसाठी नेवाळीला शेतकरी रस्त्यावर उतरले तेव्हा छऱ्यांचा मारा झाला, हे या भागातील लोक विसरलेले नाहीत. पुढे नवी मुंबईचा विमानतळ आला. उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून विमाने उडू लागली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. आपल्या डोक्यावरून जाणारी विमाने वाढणार आहेत. जमीन देताना भूमिपुत्र आणि आवाज-धूर सोसताना वस्ती, एवढाच आपला सहभाग राहणार असेल तर तो आपण मान्य करावा काय?

'पर्यावरणपूरक' हा शब्द ऐकताच टाळ्या वाजविण्याचेही कारण नाही. डोंबिवलीकरांना रसायनशास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. २०१४ मध्ये येथे हिरवा पाऊस पडला. मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये एमआयडीसीतील कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. तेलापासून विमानाचे इंधन करायला दाबाखालचा हायड्रोजन लागतो. असा कारखाना उद्या एखाद्या वस्तीला खेटून उभा राहिला, तर विमान स्वच्छ आणि वस्ती धोक्यात, असा प्रकार होईल. मळीचेही तेच. विमानासाठी ऊस वाढवायचा म्हटले तर मराठवाड्याचे पाणी कोण देणार आणि कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मजुरीचे काय? हे प्रश्न ज्याच्या घरात कोयता आहे त्याला चटकन सुचतात. म्हणूनच आराखडा काढणाऱ्यांत आपली मुले हवीत.

आता त्या मुलीच्या विषयाकडे येऊ. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नियम केला की, वारंवार तापवून तेलातील घातक घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये. वापरलेले तेल गोळा करून त्याचे इंधन करण्याची योजनाही त्याच वर्षी जाहीर झाली. २०१९ पासून दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनी नोंद ठेवायची आहे. परंतु वडापावची गाडी दिवसाला पाच-सात लिटर तेल वापरते. ती या नोंदीत बसत नाही. तिचे उरलेले तेल दुसऱ्या दिवशीच्या कढईत जाते, गटारात जाते, नाहीतर आणखी गरीब गाडीवाला ते विकत घेतो. म्हणजे सर्वांत वाईट तेल सर्वांत गरीब माणसाच्या पोटात. मुलीचा प्रोजेक्ट नेमका या फटीवर होता. स्टेशन परिसरातील गाड्यांचे तेल ठरावीक दिवशी तपासायचे, मापायचे, एका ठिकाणी जमा करायचे आणि गाडीवाल्याला लिटरमागे रोख पैसे द्यायचे. तिने वही केली होती. कोणती गाडी किती तेल घेते, किती उरते, कोण नेते, सगळे तिच्या वहीत होते. हे संशोधन नाही तर काय आहे?

पण मध्येच तिची शिष्यवृत्ती अडकली. कॉलेजने फी बाकी दाखवून परीक्षेचे हॉल तिकीट थांबविले. आम्ही पत्र लिहिले, नियम दाखविले, तिकीट मिळाले. तोपर्यंत विषय नोंदविण्याची तारीख निघून गेली होती. तिला तयार यादीतला दुसरा विषय घ्यावा लागला. ही एकटीची गोष्ट नाही. २०२१ मध्ये पवईच्या आयआयटीत प्रवेश मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याची जागा फी भरण्याच्या तांत्रिक अडचणीमुळे गेली. २०२४ मध्ये मुजफ्फरनगरच्या एका मजुराच्या मुलाची धनबाद आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत न भरल्यामुळे गेली. दोघांनाही सर्वोच्च न्यायालयाने संविधानाच्या कलम १४२ चा अधिकार वापरून जागा मिळवून दिली. न्याय झाला, आनंद आहे. परंतु प्रत्येक मुलाने फीच्या एका हप्त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठावावा काय? जे दिल्लीपर्यंत पोहोचले नाहीत त्यांची मोजदाद कोणी केली?

येथे एक इतिहास सांगितला पाहिजे. जुलै १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात त्यांनी विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या, परदेशी शिक्षणासाठी मदत मागितली. सरकारने पुढे ३ लाख रुपयांची तरतूद मंजूर केली. नेवाळीच्या शेतात धावपट्टी आखली जात होती त्या काळात बाबासाहेब आपल्या मुलांसाठी प्रयोगशाळेचे दार उघडीत होते. केवळ कारकुनीने समाज उभा राहत नाही, यंत्र आणि ऊर्जा ज्याला कळते तोच उद्याची व्यवस्था घडवितो, ही त्यामागची दृष्टी होती. आपण ती किती जपली? आज विहाराविहारांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग आहेत, ते हवेतच. विज्ञानाची एक खोली किती विहारांत आहे?

कायदाही आपल्या बाजूला आहे. कलम ४६ दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जबाबदारी राज्यावर टाकते. कलम ५१-क वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरविते. मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मध्ये आहे, असे मान्य केले. समतेच्या कलमाचा उल्लेख तेथे उगीच झालेला नाही. हवामानाचा फटका समान बसत नाही, हेच त्याचे कारण.

म्हणून काही ठोस गोष्टी सुचवितो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिकांनी छोट्या गाड्यांचे तेल गोळा करण्याची व्यवस्था करावी आणि हे काम बड्या ठेकेदाराला एकहाती न देता कचरावेचक महिला व गाडीवाल्यांच्या सहकारी संस्थांना द्यावे. लिटरचा भाव जाहीर असावा. शिष्यवृत्ती शासनाकडून यायची असेल तर तिच्या उशिरासाठी मुलाचे हॉल तिकीट अडवू नये. आपले जे इंजिनिअर, प्राध्यापक नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार वस्तीतल्या मुलांना द्यावा. आणि जयंती मंडळांना हात जोडून विनंती आहे की, चौदा एप्रिलच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च बाजूला काढावा. तेवढ्या पैशात तेल तपासण्याचे यंत्र आणि एका खोलीतील छोटी प्रयोगशाळा उभी राहू शकते.

ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे. वही तिने टाकलेली नाही. मागच्या रविवारी तिचे वडील तिच्यासोबत आले होते. सगळे ऐकून घेतल्यावर ते एवढेच म्हणाले, "विमान उडू दे, साहेब. पण तेल न्यायला येणारा माणूस आपला असेल की त्याच्या हिशेबाची वही लिहिणारी आपली असेल, ते बघा." याचे उत्तर त्या मुलीने एकटीने द्यायचे नाही. ते चळवळीने द्यायचे आहे आणि २०२७ फार दूर नाही.