खसऱ्यातली तिरपी रेघ

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यात, सौंसरकडच्या शेताच्या कागदावर खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, ११२/१/२ असा दिसू शकतो. वाटणी झाली, बटांकन झाले (तुकड्यांना पोटक्रमांक मिळाले), की मूळ क्रमांकापुढे तिरपी रेघ आणि नवा आकडा येतो. हा अपूर्णांक नव्हे. इथे कशालाही कशाने भागायचे नसते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. संगणकाला सांगावे लागते, तेही नेमक्या खुणांनी.

त्या खुणांच्या भाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तिचा गणिती पाया अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५०च्या दशकात घातला. १९६८मध्ये केन थॉम्प्सन यांनी तिला मजकूर शोधण्याच्या कामाला जुंपले.

समजा, नोंदींतून खसरे वेचायला नमुना लिहिला:

[०-९]+/[०-९]+

म्हणजे एक किंवा अधिक अंक, तिरपी रेघ, पुन्हा अंक. ११२/१ सापडतो. पण ११२/१/२ मधूनही तो ११२/१ एवढेच उचलतो आणि शेवटचा २ टाकून देतो. चूक झाल्याची सूचना कुठेच येत नाही. यादी नीटनेटकी दिसते, जमीन मात्र भलत्याचीच. वाटणी न झालेला साधा ११२ तर हाती लागतच नाही.

दुरुस्ती अशी:

^[०-९]+(/[०-९]+)*$

कंसापुढची चांदणी म्हणजे 'हा भाग नसला तरी चालेल, कितीही वेळा आला तरी चालेल'. दोन टोकांच्या खुणा म्हणजे रकान्यातला मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळलाच पाहिजे. आता तिन्ही क्रमांक अखंड येतात. पण पांढुर्णा जिल्हा झाला ती तारीख, ०५/१०/२०२३, हीसुद्धा खसरा ठरते! पहिला अंक शून्य नको अशी अट घातली की ती गळते. १५/१०/२०२३ तरीही आत शिरते. इथे नमुना आणखी किचकट करण्यात अर्थ नाही. तारखांचा रकाना आधीच बाजूला काढावा.

तिरप्या रेघेसारखी उभी रेघही फसवते. जुन्या मराठी हिशेबवह्यांत दीड १॥ असा लिहीत. तो शोधताना दंडाऐवजी कळफलकावरची उभी रेघ वापरून १|| असा नमुना दिला, तर सगळाच घोटाळा. या भाषेत उभी रेघ म्हणजे 'किंवा'. एक, किंवा काहीच नाही, किंवा काहीच नाही: असा नमुना प्रत्येक ओळीत जुळतो, अगदी रिकाम्या ओळीतही.

म्हणून सौंसर-पांढुर्ण्यात संगणक शिकणाऱ्या मुलांना सांगणे एवढेच: नमुना लिहिण्याआधी दोन याद्या करा. काय जुळलेच पाहिजे, आणि काय जुळता कामा नये. दुसरी यादी लांब असू द्या.