पावणेतीन किलोमीटर

विमानाच्या वेळापत्रकात एका विमानतळावरून सुटायची आणि पुढच्या विमानतळावर उतरायची वेळ यांत दोनच मिनिटांचा फरक दिसला, म्हणून मी ऑर्कनीला गेले. स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात विखुरलेली ही बेटं. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधलं हवाई अंतर 2.7 किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीसुद्धा याहून लांब आहे. नियमित प्रवासी विमानसेवेत एवढं छोटं उड्डाण जगात दुसरं नाही. वारा अनुकूल असताना ते 53 सेकंदांतही झालेलं आहे.

पापा वेस्ट्रेला तिथले लोक ‘पापे’ म्हणतात. माझं लक्ष खिळलं ते पापेच्या धावपट्टीवरच्या एका माणसावर. विमानाची वेळ झाली तसा तो शेतावरून आला. बुटांना ओलं शेण, कपड्यांना मेंढरांचा वास. त्यावरच त्यानं आग विझवणाऱ्यांचा जाड कोट चढवला, बंब चालू करून पाहिला, पट्टीवर पक्षी बसलेत का ते बघायला एक चक्कर मारली. बंबाशी माणूस हजर असल्याशिवाय विमान उतरत नाही. शंभरही वस्ती नसलेल्या बेटावर त्यासाठी वेगळा माणूस कुठून आणणार? तेव्हा शेतकरीच बंबवाला होतो आणि विमान थांबलं की सामानही तोच उतरवतो.

विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, दोन पंख्यांचं. प्रवासी आठ, त्यातला एक थेट पायलटच्या शेजारी. येताना ती जागा मला मिळाली होती. पायलटनं मागे वळून सगळ्यांचे पट्टे पाहिले, दोन वाक्यांत सूचना दिल्या आणि निघाला. खाली हिरवट पाणी दिसतंय तोवर त्याचा हात इंजिनाचा जोर कमी करायला लागलासुद्धा.

“53 सेकंद पाहुण्यांना लागतात,” बंबवाला म्हणाला. “आम्हाला कर्कवॉल लागतं.”

कर्कवॉल हे ऑर्कनीचं मुख्य गाव. मोठं इस्पितळ तिथं, बेटावरची मोठी मुलं शिकायला तिथंच. ही विमानसेवा 1967 पासून आहे आणि तोट्याची बाजू सरकारी पैशातून सांभाळली जाते. एकट्या पापेसाठी दर वेळी वेगळं विमान परवडत नाही, म्हणून काही फेऱ्यांत ते वाटेत वेस्ट्रेलाही टेकतं. एसटी हमरस्ता सोडून फाट्यावरच्या वाडीत शिरते, तसंच. त्या वळणाचा शेवटचा तुकडा म्हणजे हे 2.7 किलोमीटर. त्याला जागतिक विक्रम म्हणून मिरवलं जातं, उतरणाऱ्या पर्यटकांना प्रमाणपत्र देतात. बेटावर पाच हजार वर्षांहून जुनी दगडी घरं आहेत, ती पाहायला येणारेही यात असतात. तिकिटं विकली जातात हे चांगलंच. पण एवढ्याशा अंतराला विमान कशाला, असं कुणी तुच्छतेनं विचारलं की मला राग येतो. लहान बोट आहे, पण दोन बेटांमधला समुद्र खवळला की तिचा भरवसा नाही. आणि ती बोट वेस्ट्रेपर्यंतच नेते, कर्कवॉल त्याच्याही पुढे राहतं.

विमान परत उडालं. बंबवाल्यानं कोट खुंटीला टांगला आणि उतरवलेल्या सामानातून एक जड खोकं उचललं. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचा पंप होता.

“गवत कापायचं खोळंबलंय,” गाडीत खोकं ठेवताना तो म्हणाला, “आणि उद्या पाऊस सांगितलाय.”