कर्नाळ्याचा पाऊस आणि कॅमेऱ्याचें भिंग

मृगाचा पाऊस कोंकणावर उतरला, कीं पनवेलच्या दक्षिणेस गोव्याच्या हमरस्त्यालगत असलेल्या कर्नाळ्याच्या रानांत एक चिमुकला पाहुणा दिसूं लागतो. त्याचें नांव तिबोटी खंड्या. नेहमींच्या परिचयाच्या खंड्याच्या पायाला चार बोटें असतात. ह्याच्या पायाला तीनच, म्हणून तो तिबोटी. चोंचीसकट त्याची लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षांहि थोडी कमीच. परंतु तेवढ्याशा देहावर पोवळ्यासारखी चोंच, हळदीसारखें पोट, निळीकाळी पाठ आणि मस्तकावर जांभळी झांक. ओढ्याकांठच्या मातीच्या दरडींत तो आडवें बीळ कोरतो. तें कधीं कधीं मीटरभर खोल जातें. त्यांत मादी चार-पांच अंडीं घालते, नर आणि मादी दोघेंहि तीं उबवितात, सुमारें १७ दिवसांनीं पिलें जन्मतात, आणि पुढें वीसेक दिवस खेंकडे, बेडूक, कोळी, सापसुरळ्या असा खाऊ आणण्यांत मायबापांना उसंत म्हणून मिळत नाहीं.

कर्नाळा १९६८ सालीं पक्षी-अभयारण्य झालें. ज्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दुरूनहि ओळखतां येतो, त्याच्या पायथ्याचें आणि उतारांवरचें तें रान. मुंबई, ठाणें, पुणें येथून सकाळीं निघून सायंकाळीं परततां येत असल्यामुळें रविवारीं तेथें गळ्यांत कॅमेरा अडकविलेलीं माणसें पुष्कळ दिसतात. त्यांपैकीं नवशिक्याचा पहिला अनुभव बहुधा ठराविक असतो. खंड्या फांदीवर येऊन बसतो, डोळ्यांना स्वच्छ दिसतो, कॅमेऱ्याचा खटका दाबला जातो. आणि घरीं येऊन संगणकाच्या पडद्यावर पाहावें तों हिरव्या-काळ्या गर्दींत एक तांबूस ठिपका, तोहि पुसट. मग दुकानाची वाट धरली जाते. दुकानदार आणखी लांब भिंग दाखवितो आणि त्याच्या जोडीला जबर शक्तीचा फ्लॅशहि पुढें करतो. लाखाच्या घरांत खर्च होतो, आणि पुढल्या पावसाळ्यांत ठिपका थोडा मोठा होतो. पुसट मात्र तितकाच राहतो.

ह्याचें कारण असें, कीं कर्नाळ्यांत पावसाळ्यांत पहिली उणीव लांबीची नसून प्रकाशाची असते. वर ढगांचें छत, त्याखालीं दाट पानांचें दुसरें छत. माणसाचा डोळा ह्या अंधाराशीं इतक्या सहजपणें जुळवून घेतो, कीं त्याला त्याचा पत्ताच लागत नाहीं. कॅमेऱ्याला अशी सवलत नाहीं. त्याच्या पोटांतील सेन्सरवर, म्हणजे पूर्वीं जेथें फिल्म असे त्या जागीं बसविलेल्या प्रकाशग्राही पट्टीवर, ठराविक प्रकाश पडल्यावांचून चित्र उमटत नाहीं. तो प्रकाश कमी असेल तर तीनच उपाय उरतात: भिंगाचें तोंड मोठें करावें, शटर अधिक वेळ उघडें ठेवावें, किंवा सेन्सरची संवेदनशीलता, जिला आयएसओ म्हणतात, ती वाढवावी.

भिंग, अथवा बाजारांतील शब्दांत लेन्स, विकत घेतांना तिच्यावर दोन आंकडे कोरलेले दिसतात. पहिला नाभीय अंतराचा: ५५, ३००, ६०० असा, मिलिमीटरांत. दुसरा एफ ह्या अक्षरापुढील: २.८, ४, ५.६, ६.३. नवशिक्याची नजर पहिल्यावर खिळते. जाणता दुसरा आधीं वाचतो. हा दुसरा आंकडा म्हणजे नाभीय अंतर हें भिंगाच्या छिद्राच्या व्यासाच्या कितीपट आहे तें सांगणारा भागाकार. म्हणून तो जितका लहान, तितकें तोंड मोठें. ३०० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/४ हवें असेल तर छिद्र ७५ मिलिमीटर व्यासाचें लागतें, एफ/२.८ हवें असेल तर १०७ मिलिमीटरचें. वजन आणि किंमत कशानें चढते, तें येथें कळतें. आंकडा दुप्पट झाला कीं व्यास अर्धा होतो आणि प्रकाश चौथाईवर येतो. समजा, एखाद्या ढगाळ दुपारीं ओढ्याकांठीं एफ/४ ला सेकंदाचा साठावा भाग पुरत असेल, तर एफ/६.३ च्या भिंगाला त्याच चित्रासाठीं जवळजवळ अडीचपट वेळ, म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग लागेल. तेवढ्या अवधींत पक्ष्यानें नुसती मान वळविली तरी डोळा चित्रांतून हरवतो.

मग लांबीला कांहींच महत्त्व नाहीं काय? आहे, पण तें हिशेबानें ठरवावें. खंड्या १० मीटर दूर फांदीवर बसला आहे असें धरूं या. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या भिंगाची कमाल लांबी बहुधा ५५ मिलिमीटर असते. त्यानें सेन्सरवर पक्ष्याची प्रतिमा पाऊण मिलिमीटरहि उमटत नाहीं. साधारण कॅमेऱ्याचा सेन्सर २३ मिलिमीटर रुंद, म्हणजे पक्षी त्याचा बत्तिसावा हिस्सा. ३०० मिलिमीटरच्या भिंगानें ती प्रतिमा सुमारें ४ मिलिमीटर होते, रुंदीचा सहावा हिस्सा. ६०० नें तिसरा. सहावा हिस्सा ऐकून मन खट्टू होतें खरें; परंतु हल्लींच्या २४ मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी ६००० बिंदूंची असते. तिच्या सहाव्या हिश्श्यांत १००० बिंदू येतात. भोंवतालचा निम्मा भाग कापून टाकला तर १० इंच रुंदीची स्वच्छ प्रत निघते आणि तींत सव्वातीन इंचांचा पक्षी. दिवाणखान्यांतील भिंतीला ह्याहून अधिक काय हवें!

म्हणून एका कुटुंबानें एकच भिंग घ्यावयाचें आणि तें मुख्यतः पावसाळी रानासाठीं, तर ३०० मिलिमीटर व एफ/४ अशा जातीचें स्थिर नाभीय अंतराचें भिंग हें १५० ते ६०० च्या सरकत्या भिंगापेक्षां अधिक उपयोगीं पडतें. सरकतें भिंग वाईट असें नव्हे. हिवाळ्यांत खाडीकांठच्या मोकळ्या चिखलांत पाणपक्षी दूर चरत असतात, ऊन भरपूर असतें, जवळ जाण्याची सोय नसते. तेथें ६०० ची लांबी खरोखर कामाला येते आणि एफ/६.३ ची उणीव जाणवतहि नाहीं. भिंग चांगलें कीं वाईट हें पुष्कळदां दुकानांत ठरत नाहीं, तें ज्या जागीं नेणार त्या जागेवर ठरतें. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत भिंगें दिवसाच्या भाड्यानें मिळतात. दोन भिंगें दोन रविवारीं भाड्यानें आणून त्याच ओढ्याकांठीं वापरून पाहावींत; तेवढ्या खर्चांत लाखाची चूक टळते.

आणखी एक गोष्ट तिबोटी खंड्याच्या स्वभावांतच आहे. उडतांना तो बाणासारखा सुटतो, परंतु भक्ष्याची वाट पाहतांना एकाच फांदीवर पुष्कळ वेळ निश्चल बसतो. त्यामुळें त्याच्यासाठीं सेकंदाचा हजारावा भाग लागत नाहीं. साठावाहि पुरतो, मात्र कॅमेरा हलतां कामा नये. हातांत धरलेल्या भिंगाविषयीं जुना ठोकताळा असा, कीं ३०० मिलिमीटरला सेकंदाच्या तीनशेंव्या भागाहून सावकाश जाऊं नये; लहान सेन्सरला तर साडेचारशेंवा भाग धरावा. भिंगांतील कंपरोधक यंत्रणेनें हा ठोकताळा पुष्कळ सैल झाला आहे. पण ती यंत्रणा हाताचा कंप आवरते, पक्ष्याची हालचाल आवरीत नाहीं, हें विसरूं नये. तिपाई, आणि अरुंद वाटेवर ती जमत नसेल तर एकपायी दांडी, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित सामग्री होय. आयएसओहि भीत भीत वापरण्याचे दिवस गेले. फिल्मच्या काळीं ४०० ची फिल्म म्हणजे जलद समजली जाई. हल्लींचे सेन्सर १६०० किंवा ३२०० लाहि वापरण्याजोगें चित्र देतात. थोडी रवाळ पण रेखीव प्रतिमा ही तुळतुळीत पण हललेल्या प्रतिमेपेक्षां केव्हांहि बरी.

आतां फ्लॅश. अंधारांतील प्राण्याला लखलखाटानें टिपण्याचा मोह जुना आहे. अमेरिकेंतील जॉर्ज शायरस ह्यानें रात्रीं रानांत फ्लॅशनें घेतलेलीं हरणांची व इतर श्वापदांची छायाचित्रें १९०६ सालीं नॅशनल जिऑग्राफिक मासिकांत प्रसिद्ध झालीं. पुढें १९३० नंतरच्या दशकांत हॅरॉल्ड एजर्टन ह्या संशोधकानें विजेच्या क्षणिक ठिणगीनें गुंजनपक्ष्याचे पंखहि स्थिर करून दाखविले. तीं चित्रें विस्मयकारक आहेत. म्हणून पुष्कळांची समजूत अशी होते, कीं प्रकाश कमी, तर फ्लॅश हाच उपाय.

ह्या समजुतीचाहि हिशेब मांडून पाहावा. फ्लॅशच्या शक्तीचा एक आंकडा असतो. त्याला एफच्या आंकड्यानें भागलें, कीं आयएसओ १०० ला त्याचा प्रकाश किती मीटरांपर्यंत पोंचेल तें कळतें. आंकडा ४० असेल आणि भिंग एफ/५.६ वर असेल, तर पल्ला ७ मीटर. अंतर दुप्पट झालें कीं प्रकाश चौथाईच उरतो, म्हणून थोडेंसें दूर राहिल्यानेंहि फार बिघडतें. परिणामीं फ्लॅश माणसाला पुढें ओढतो: १० मीटरांवरून ७ वर, ७ वरून ५ वर, आणि शेवटीं दरडींतल्या बिळापाशीं. आयएसओ १६०० केला तर पल्ला चौपट होतो हें खरें. पण आयएसओ १६०० करावयाचाच असेल, तर वर सांगितलेल्या भिंगानें व तिपाईनें फ्लॅशवांचूनच चित्र मिळण्याचा संभव असतो. शिवाय पावसाच्या थेंबांवर आणि ओल्या पानांवर फ्लॅश पांढरे डाग उठवितो, मागचें रान काळोखांत बुडवितो आणि ज्या हिरव्या अंधुक उजेडासाठीं माणूस तेथवर गेला तोच पुसून टाकतो. झोत दूर फेंकण्यासाठीं फ्लॅशपुढें बसविण्याचें एक पसरट भिंगहि मिळतें. तें उन्हांत उघडें राहिलें तर आगकांचेप्रमाणें सूर्यकिरण एकवटून फ्लॅशचें प्लास्टिक वितळवितें. तेव्हां तें आणलेंच तर काम झाल्याबरोबर झांकून ठेवावें.

खरा प्रश्न बिळापाशींच उभा राहतो. त्रास झाला तर तिबोटी खंड्या घरटें सोडून जाऊं शकतो. बिळासमोर पांच-सहा कॅमेरे रांगेनें उभे राहिले, कोणी आड येणारी फांदी मोडली, कोणी लखलखाट करीत राहिला, तर तोंडांत खेंकडा धरलेला पक्षी समोरच्या झाडावरच घुटमळतो, आणि आंत पिलें भुकेलीं राहतात. पिलें वाढविण्याचे दिवस वीसेकच. त्यांतला एक रविवार म्हणजे लहान गोष्ट नव्हे. ह्या बाबतींत कायदाहि वाटतो त्याहून कडक आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें ‘शिकार’ ह्या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तींत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणें ह्याचाहि समावेश आहे. हातांत बंदूक नाहीं म्हणून माणूस शिकारी नाहीं, असें त्या कायद्यापुढें म्हणतां येत नाहीं.

त्यामुळें सामग्रीच्या यादींत फ्लॅशच्या जागीं आडोसा लिहावा: पानांच्या रंगाचें एक कापड आणि बसावयास एक लहान घडीचें स्टूल. बिळाकडे न वळतां, ओढ्याच्या ज्या फांदीवर पक्षी पुन्हां पुन्हां बसतो ती दुरून हेरावी आणि तिच्यासमोर कापडाआड स्वस्थ बसावें. सलीम अली ह्यांनीं ह्याच जिल्ह्यांत, त्या वेळच्या कुलाब्यांत, किहीम येथें १९३० सालीं सुगरण पक्ष्याच्या संसाराचा जो अभ्यास केला, त्याचें भांडवल बव्हंशीं असें धीरानें पाहत बसणें हेंच होतें.

फ्लॅश मुळींच घेऊं नये, असा ह्याचा अर्थ नव्हे. त्याची खरी जागा घरांत आहे. गणपतीची आरास, बारसें, आजोबांचा वाढदिवस अशा प्रसंगीं रात्रींच्या दिव्यांत घेतलेलीं चित्रें पिवळीं आणि हललेलीं येतात. तेथें ज्याचें डोकें वर व बाजूला वळतें असा फ्लॅश घ्यावा आणि त्याचा झोत माणसांच्या तोंडावर न मारतां पांढऱ्या छताकडे वळवावा; छतावरून परतलेला प्रकाश खिडकींतून आल्यासारखा मऊ पडतो. घेतांना शक्तीच्या आंकड्यापेक्षां वळणारी मान अधिक महत्त्वाची समजावी. कॅमेऱ्यावरच बसविलेला उघडझांप फ्लॅश ह्या कामीं निरुपयोगी. त्याला मान नाहीं. रानांत कुजलेल्या खोडावरची भूछत्रें किंवा पानावरचे थेंब जवळून टिपतांनाहि फ्लॅश उपयोगीं पडतो, मात्र त्यापुढें पांढरें पातळ कापड किंवा कागद धरून त्याची धार मोडावी.

भिंग घरीं आल्यावर कोंकणांत त्याचा एक वैरी कायमचा असतो, तो म्हणजे बुरशी. पावसाळ्यांतील दमट हवेंत कांचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात आणि तीं एकदां रुजलीं कीं कांचेवरील लेपहि खातात. चामड्याच्या पेटींत भिंग ठेवूं नये, चामडें ओल धरतें. रानांतून परत आल्यावर भिंग कोरड्या मऊ फडक्यानें टिपून कांहीं वेळ पंख्याखालीं उघडें ठेवावें आणि मग घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करावें. पुड्यांतील रंगीत दाण्यांचा रंग बदलला कीं ते तापवून पुन्हां वापरतां येतात. डब्यांत आर्द्रता दाखविणारें लहानसें यंत्र ठेवलें तर ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान कांटा असावा. त्याहून फार कोरडी हवाहि भिंगांतील वंगणाला मानवत नाहीं. आणि भिंग महिनोन् महिने कपाटांत पडूं न देतां, उघाड पडेल त्या दिवशीं बाहेर काढून उजेडांत थोडा वेळ ठेवावें.